पाण्यात शिसं: एका लॅबचा रिपोर्ट 'बीडीएल', दुसरीचा ०.००६२, नक्की काय धरायचं?

घोडबंदरकर_७०३:

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, पण इथे लॅबमध्ये काम करणारी बरीच माणसं आहेत म्हणून इथेच विचारतोय.

घोडबंदर रोडला राहतो, कासारवडवलीच्या पुढे. इकडच्या पाण्याचं रडगाणं वेगळं सांगायला नको, पालिकेचं पाणी येतं ते पुरत नाही मग टँकर मागवायचे, आणि बोअर खरं तर फ्लशला आणि बागेला असं ठरलेलं पण उन्हाळ्यात तेही खालच्या टाकीत सोडतात. म्हणजे तीन ठिकाणचं पाणी एकत्र होऊन वर चढतं. आमच्या विंगमध्ये लहान मुलं बरीच आहेत, माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, म्हणून एजीएममध्ये विषय काढला की एकदा हेवी मेटल तपासून घेऊ.

आता झालंय असं की कमिटीने ज्या लॅबला पाणी दिलं त्यांच्या रिपोर्टमध्ये शिशासमोर नुसतं 'बीडीएल' लिहिलंय. आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या लॅबकडून करून घेतलं, तिथे शिसं आलंय ०.००६२ मिलिग्रॅम प्रति लिटर. आर्सेनिकपण आलंय ०.००४. सेक्रेटरी म्हणतात बीडीएल म्हणजे शून्य, विषय संपला, दुसरी लॅब घाबरवतेय. वहिनी म्हणतात पहिल्या लॅबने नीट बघितलंच नाही. ग्रुपवर रोज वाद, त्यात एक काका टीडीएस मीटर घेऊन घरोघरी जातायत आणि २१० आलं म्हणजे पाणी उत्तम असं सांगतायत. दोन्ही लॅबच्या रिपोर्टवर शिक्के, सह्या सगळं व्यवस्थित आहे.

मी कॉमर्सवाला आहे, मला यातलं काही कळत नाही. एकाच टाकीच्या पाण्याचे दोन आकडे कसे येतात? कोण चुकतंय? आणि मुलीला हे पाणी द्यायचं की नाही?


आयसीपीवाली_रबाळे:

दादा, आधी एक सांगते, कुणीच चुकत नसण्याची शक्यता बरीच आहे. मी रबाळेला टेस्टिंग लॅबमध्ये आयसीपी-एमएस नावाच्या धातू मोजायच्या मशीनवर बसते, पाणी माती औषधं सगळं येतं आमच्याकडे, आणि हा बीडीएलचा घोळ सतत समोर येतो म्हणून सविस्तर लिहिते.

बीडीएल म्हणजे 'बिलो डिटेक्शन लिमिट', शून्य नाही. 'आमच्या मशीनला आणि आमच्या पद्धतीला जेवढं कमीत कमी दिसतं त्याच्या खाली आहे' एवढाच त्याचा अर्थ. आता हे कमीत कमी किती, ते प्रत्येक मशीनचं वेगळं. शिशासाठी साधारण अंदाज सांगते. एएएस म्हणजे अणूंनी किती प्रकाश गिळला त्यावरून धातू मोजणारं मशीन. ज्वालेवाल्या एएएसवर, म्हणजे फ्लेमवर, पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) शंभराव्या भागाच्या आसपास जाऊन मशीनचं बघणं संपतं, म्हणजे दहा-वीस पीपीबी (पीपीबी म्हणजे पीपीएमचा हजारावा भाग). ग्रॅफाइट फर्नेस लावला तर पीपीबीच्या दहाव्या भागापर्यंत आरामात जाता येतं. आयसीपी-ओईएस, म्हणजे तापवलेल्या अणूंच्या प्रकाशावरून मोजणारं मशीन, काही पीपीबीला थांबतं. आणि आयसीपी-एमएस पीपीबीच्याही हजाराव्या भागाची भाषा करतं, तिथे अडवतं ते मशीन नाही, आपलं ॲसिड, आपली बाटली आणि खोलीतली धूळ अडवते.

आता हे पिण्याच्या पाण्याच्या मानकाशी ताडून बघा. आयएस १०५०० मध्ये शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे १० पीपीबी, आणि त्यात सवलतीची वरची मर्यादा दिलेलीच नाही. १० पीपीबी म्हणजे किती, तर तुमच्याकडे येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरा, त्या अख्ख्या टँकरमध्ये मिळून एक दशांश ग्रॅम शिसं विरघळलेलं असलं की मर्यादा गाठली. एवढीशी गोष्ट शोधायचीय. पहिल्या लॅबने फ्लेमवर केलं असेल आणि त्यांची डिटेक्शन लिमिट ०.०२ असेल तर त्यांच्या बीडीएलमध्ये ०.००६ पण बसतं, आणि ०.०१८ पण बसतं, जे मर्यादेच्या जवळपास दुप्पट आहे. म्हणजे तो रिपोर्ट खरा असूनही तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. म्हणून बीडीएलच्या शेजारी तो आकडा नसेल तर मी तो रिपोर्ट अर्धवट समजते, मग लॅब कुठलीही असो.

डिटेक्शन लिमिट काढतात कशी ते पण सांगते, कारण ती मशीनच्या कॅटलॉगमधून उचलायची गोष्ट नाही. ज्यात शिसं नाही असं पाणी, म्हणजे ब्लँक, पुन्हापुन्हा चालवायचं, सात-दहा वेळा. प्रत्येक वेळी रीडिंग थोडं वरखाली होतं. ते जेवढं हलतं त्याच्या साधारण तिप्पट म्हणजे 'काहीतरी आहे' असं म्हणता येण्याची पातळी (डिटेक्शन लिमिट, डीएल), आणि साधारण दहापट म्हणजे 'इतकं आहे' असं आकड्यात लिहिता येण्याची पातळी (एलओक्यू). या दोनच्या मधला आकडा कुणी तीन दशांश स्थळांपर्यंत छापून दिला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता मला तीन गोष्टी हव्यात, त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. एक, दोन्ही रिपोर्टवर 'टेस्ट मेथड'च्या रकान्यात काय लिहिलंय. दोन, खाली बारीक अक्षरात डीएल किंवा एलओक्यू दिलाय का. तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, पाणी कोणी भरलं, कुठल्या नळातून, किती वाजता, कसल्या बाटलीत.


घोडबंदरकर_७०३:

ताई खूप आभार, इतकं कोणी नीट सांगितलं नव्हतं. दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून लिहितोय.

पहिला: मेथडमध्ये एएएस फ्लेम लिहिलंय. मागच्या पानावर बारीक अक्षरात 'डीएल ०.०२' आहे, तुम्ही म्हणालात तेच निघालं.

दुसरा: आयसीपी-एमएस, एलओक्यू ०.०००५.

पाण्याचं विचारलंत तर आत्ता वॉचमनला आणि वहिनींना विचारून आलो. पहिल्या लॅबचा मुलगा दुपारी आला होता, त्याने गच्चीवरच्या टाकीच्या नळातून बरंच पाणी सोडून मग स्वतःच्या कॅनमध्ये भरलं. वहिनींनी मात्र सकाळी उठल्या उठल्या किचनच्या नळाचं पहिलं पाणी घेतलं, लॅबने दिलेल्या बाटलीत. म्हणजे एकाच टाकीचं पाणी, पण घेतलं वेगवेगळ्या ठिकाणी. याने फरक पडतो का?


आयसीपीवाली_रबाळे:

पडतो म्हणजे काय, इथेच सगळी गोम आहे!

रात्रभर नळात उभं राहिलेलं पाणी आणि टाकीतून धो धो सोडलेलं पाणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पितळेच्या नळात, व्हॉल्व्हमध्ये शिसं असतं, मुद्दाम घालतात कारण त्याने पितळ मशीनवर नीट कापलं जातं. जुन्या पीव्हीसी पाइपात शिशाचे स्टॅबिलायझर वापरलेले असू शकतात, त्यावर केंद्राने २०२१ मध्ये नियम काढले पण तुमची बिल्डिंग त्याच्या आधीची असेल तर पाइप आधीचेच. सहा-आठ तास पाणी तिथे उभं राहिलं की थोडं थोडं उतरतं. म्हणजे वहिनींचा आकडा कदाचित टँकरचा नाहीच, तो त्यांच्या किचनच्या नळाचा असू शकतो. आणि पहिल्या लॅबचा नमुना टाकीचा, तो खरोखर कमी असू शकतो, फक्त किती कमी ते त्यांच्या मशीनला सांगता आलेलं नाही.

त्यामुळे सोसायटीत दोन तट कशाला पाडताय, दोघांनी दोन वेगळे प्रश्न विचारले आणि दोन उत्तरं आली.

आर्सेनिकबद्दल मात्र एक शंका आहे. तुमचा बोअर खाडीच्या बाजूला आहे का? पाणी मचूळ लागतं का? विचारते याचं कारण असं की आयसीपी-एमएसमध्ये आर्गॉनचा प्लाझ्मा असतो, सहा-सात हजार केल्विनच्या पुढचा, त्यात नमुन्याचा फवारा सोडला की सगळं फुटून आयन बनतात आणि मग वजनावरून वेगळे करून मोजतात. आर्सेनिकचं वजन ७५, आणि त्याला दुसरा आयसोटोपच नाही की दुसऱ्या वजनावर जाऊन खात्री करावी. आता खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर, क्लोरीन ३५, आर्गॉन ४०, दोघं प्लाझ्मात चिकटले की बेरीज ७५. मशीनला वाटतं आर्सेनिक आलं. यावर उपाय आहे, सेलमध्ये हेलियम सोडतात, तो जोड आयन आकाराने मोठा असल्यामुळे हेलियमवर जास्त आपटतो, त्याची ऊर्जा जाते आणि तो मागे राहतो, आर्सेनिक पुढे निघून येतं. लॅबला एवढंच विचारा, आर्सेनिक हेलियम मोडमध्ये घेतलंय का आणि नमुन्यात क्लोराइड किती होतं. चांगली लॅब असेल तर लगेच सांगतील. ०.००४ हे मर्यादेच्या खालीच आहे, त्यामुळे घाबरायचं काही नाही, पण आकडा खरा की खाऱ्या पाण्याचा भास ते कळायला हवं.


नौपाड्याचा_जुना_केमिस्ट:

या मुलीने फार छान सांगितलंय. मी आयुष्यभर एएएसवर काम केलं, आता निवृत्त आहे, म्हणून फ्लेमच्या बाजूने थोडं बोलतो, कारण हल्ली फ्लेम म्हटलं की लोक नाक मुरडतात.

ॲलन वॉल्श नावाच्या माणसाने ऑस्ट्रेलियात १९५५ मध्ये ही पद्धत मांडली, आणि त्यातली कल्पना आजही मला तितकीच सुंदर वाटते. शिशाच्या अणूला शिशाचाच प्रकाश गिळता येतो. म्हणून दिवा शिशाचा लावायचा, हॉलो कॅथोड लॅम्प, त्यातून २८३.३ किंवा २१७ नॅनोमीटरची रेष येते, मध्ये ज्वाला, ज्वालेत नमुना, आणि पलीकडे किती प्रकाश पोचला ते मोजायचं. जेवढा कमी पोचला तेवढं शिसं जास्त.

मग ते कमी का दिसतं? कारण आपण नळीतून जे पाणी ओढतो त्यातलं बहुतेक खाली ड्रेनच्या बाटलीत जातं, शेकडा पाच-दहा टक्केच बारीक तुषार होऊन ज्वालेत पोचतात. आणि जे पोचतात ते अणू फास्ट लोकल कळव्यावरून जावी तसे प्रकाशाच्या झोतातून सुसाट निघून जातात, मिलिसेकंदांचा खेळ. ग्रॅफाइट फर्नेसमध्ये हेच सुधारलं. करंगळीपेक्षा बारीक ग्रॅफाइटची नळी, तिच्यात वीस मायक्रोलिटरचा थेंब टाकायचा, एक थेंबसुद्धा वाया जात नाही. आधी एकशे दहा-वीस अंशाला वाळवायचा, घाईने वाळवला तर तडतडतो आणि रीडिंग गेलं. मग जाळून मीठ-मैला उडवायचा, आणि मग एकदम दोन हजार अंशाच्या आसपास नेऊन अणू सोडायचे, ते नळीत जरा वेळ रेंगाळतात. झोत तेवढा वेळ त्यांना बघतो. म्हणून शंभर पटीने किंवा त्याहून जास्त संवेदनशील. शिसं जाळताना आधीच उडून जाऊ नये म्हणून फॉस्फेट किंवा पॅलेडियम घालतात.

तर सांगायचं काय, फ्लेम वाईट नाही. कारखान्याच्या सांडपाण्यात, भंगारात, रंगात शिसं मोजायला ती उत्तम, स्वस्त आणि भरवशाची. पिण्याच्या पाण्यातल्या १० पीपीबीसाठी ती वापरू नये, एवढंच. ज्या लॅबने ०.०२ डीएलवर ०.०१ मर्यादेचा नमुना घेतला तिने नमुना घेतानाच गिऱ्हाइकाला सांगायला हवं होतं की बाबा आमच्याकडून हे होणार नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण यात लहान मुलं पाणी पितात.


पाणीवाले_काका:

मी त्याच सोसायटीतला, टीडीएसवाला तो मीच. २१० टीडीएस म्हणजे पाणी चांगलं असं सगळीकडे सांगतात. मीटर खोटं बोलतं का?


नौपाड्याचा_जुना_केमिस्ट:

मीटर खोटं बोलत नाही साहेब, पण ते पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच बघतं, आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. त्याचा शेवटचा आकडा एक पीपीएमचा. शिशाची मर्यादा ०.०१ पीपीएम. म्हणजे मर्यादेच्या शंभर पट शिसं पाण्यात असलं तरी तुमच्या मीटरवर फार तर २१० चं २११ होईल, तेवढा फरक पाणी थोडं गरम असलं तरी पडतो. तळोज्यात २०१७ मध्ये कुत्री निळी झाली तेव्हा रंग डोळ्यांना दिसला म्हणून बोंब झाली. शिशाला रंग नाही, चव नाही, वास नाही. तुम्ही सगळ्यांसाठी घरोघरी फिरताय ही फार चांगली गोष्ट आहे. मीटर आरओ फिल्टर बरोबर चालतोय का ते बघायला वापरा, त्याला ते छान आहे.


मसाला_मार्केट_वाशी:

मध्येच विचारतो, माफ करा, पण विषय जवळचा आहे. आमचं एपीएमसीला मसाल्याचं काम आहे. हळदीत शिसं येतं म्हणून हल्ली गिऱ्हाईक रिपोर्ट मागतात. एक एजंट हातात धरायची गन घेऊन आला होता, पोत्यावर टेकवली की स्क्रीनवर आकडा, तीस सेकंदात. ती घेऊ का? आणि मालातले जंतू मारायला वापरतात तो इथिलीन ऑक्साइड वायू पण तिच्यावरच दिसेल का?


अवशेष_शोधक:

मसालावाले दादा, मी फूड लॅबमध्ये आहे, तुर्भ्याच्या बाजूला, याचं उत्तर मी देतो.

ती गन म्हणजे एक्सआरएफ. एक्स-रे मारले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे एक्स-रे परत फेकतं, त्यावरून ओळखायचं. हळदीत जे शिसं भेसळीने येतं ते पिवळं धमक दिसावी म्हणून चोळलेलं लेड क्रोमेट, ते पीपीबीत नसतं, चांगलं भरपूर असतं, त्यामुळे माल उतरवतानाच संशयित पोती बाजूला काढायला गन उपयोगी आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. शिशाची मुख्य रेष १०.५५ केईव्हीला (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) आणि आर्सेनिकची १०.५४ ला, म्हणजे एकमेकांच्या अंगावर, म्हणून शिसं दुसऱ्या रेषेवर, १२.६ ला, बघायचं असतं, गनच्या सेटिंगमध्ये ते आहे का विचारा. आणि अख्ख्या हळकुंडावर टेकवून घेतलेला आकडा धरू नका, कारण रंग वरवर लागलेला असतो. दळून, नीट मिसळून, मग घ्या. एक्सपोर्टच्या रिपोर्टला मात्र गन चालणार नाही, तिथे नमुना ॲसिडमध्ये मायक्रोवेव्हला विरघळवून आयसीपी-एमएसच लागेल.

इथिलीन ऑक्साइड गनवर दिसणार नाही, कधीच नाही. त्यात कार्बन हायड्रोजन ऑक्सिजन एवढंच, गनला हलकी मूलद्रव्यं दिसत नाहीत. त्यासाठी जीसी-एमएस/एमएस, म्हणजे वायुरूपात रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं मशीन. आणि गंमत बघा, इथिलीन ऑक्साइड स्वतः अकरा अंशाच्या आसपास उकळतं, म्हणजे ठाण्याच्या थंडीतसुद्धा उडून जातं. मालात उरतं ते त्यापासून बनलेलं क्लोरोइथेनॉल. म्हणून युरोप दोघांची बेरीज धरतो. २०२० च्या सप्टेंबरपासून भारतातल्या तिळात हे सापडायला लागलं आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले, तिळाची मर्यादा तिथे ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो. ज्या लॅबने फक्त इथिलीन ऑक्साइड बघितलं आणि क्लोरोइथेनॉल बघितलं नाही तिच्या बीडीएलला काही किंमत नाही.

याच्यावरून मला जे सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं ते सांगतो. मशीन फक्त तेच शोधतं जे तुम्ही शोधायला सांगता. द्राक्षांचं बघा. क्वेचर्स नावाची पद्धत २००३ मध्ये आली, नमुना वाटायचा, ॲसिटोनायट्राइल घालून हलवायचा, मीठ आणि मॅग्नेशियम सल्फेट टाकून वरचा थर काढायचा, एका फेरीत शेकडो कीटकनाशकं. सगळ्यांचं काम सोपं झालं. पण क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखायचं औषध, ज्याला आपले शेतकरी सीसीसी म्हणतात, त्याच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, ते पाण्यातच बसून राहतं, वरच्या थरात धड येत नाही. मल्टी-रेसिड्यू रिपोर्ट स्वच्छ आणि माल अडकलेला, असं होऊ शकतं. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षं अडकली ती याच क्लोरमेक्वाटमुळे. ते शोधायला वेगळं एक्स्ट्रॅक्शन, वेगळा कॉलम (रेणू एकमेकांपासून वेगळे करणारी नळी) लागतो.

आणि सापडलं तरी ते तेच आहे कशावरून? एलसी-एमएस/एमएसमध्ये, म्हणजे द्रवातून रेणू वेगळे करून, तोडून मोजणाऱ्या मशीनवर, आम्ही एका रेणूचे निदान दोन तुकडे बघतो, दोघांचं प्रमाण स्टँडर्डशी, म्हणजे त्याच पदार्थाच्या माहीत असलेल्या शुद्ध नमुन्याशी, जुळलं पाहिजे, कॉलममधून बाहेर यायची वेळ जुळली पाहिजे. एक तुकडा जुळला आणि दुसरा नाही तर आम्ही पॉझिटिव्ह लिहीत नाही. मसाल्यात तर हे जास्तच, मिरी, लवंग, वेलची यांच्यातल्या तेलाने सिग्नल कधी दबतो कधी फुगतो, म्हणून स्टँडर्डपण त्याच मसाल्याच्या स्वच्छ अर्कात बनवायचं. साध्या सॉल्व्हंटमधल्या कर्व्हवर लवंगेचा आकडा काढणारी लॅब दिसली तर दुसरीकडे जा.


महापे_क्यूसी:

वर ताईंनी ७५ चा किस्सा सांगितला तो वाचून राहवलं नाही, कारण औषधांच्या बाजूला पण एक ७५ आहे आणि त्याने आमच्या इंडस्ट्रीला हलवून सोडलं होतं.

२०१८ च्या जुलैत ब्लड प्रेशरच्या व्हॅलसार्टन गोळीत एनडीएमए सापडलं, कॅन्सरशी संबंध असलेलं नायट्रोसामाइन, ज्याची चालण्याजोगी मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. मिलिग्रॅम नाही, मायक्रोग्रॅम नाही, नॅनोग्रॅम. मग एकामागून एक औषधं तपासायला घेतली, मेटफॉर्मिनची पाळी आली. एनडीएमएचा आयन ७५.०५५ ला दिसतो. आता कारखान्यात वापरतात ते डीएमएफ सॉल्व्हंट, त्याचा आयन ७४.०६, पण त्यात निसर्गतःच थोडा जड नायट्रोजन असतो, नायट्रोजन १५, त्याने वजन होतं ७५.०५७. दोघांत फरक दोन हजारांश भागाचा. कॉलमवर ते दोघं नीट वेगळे झाले नाहीत आणि मशीनचं रिझोल्यूशन कमी पडलं की डीएमएफ एनडीएमएच्या नावावर मोजलं जातं. अमेरिकेच्या एफडीएने मेटफॉर्मिनमध्ये हेच दाखवून दिलं, बाहेरच्या एका लॅबचे काही आकडे यामुळे फुगलेले होते. डायबेटिसच्या पेशंटने अशा आकड्याला घाबरून गोळी बंद केली तर काय होईल याचा विचार करा.

आमच्या लॅबमध्ये नवीन मुलं येतात ती आधी विचारतात मशीन किती पीपीटीपर्यंत (पीपीबीचा हजारावा भाग) जातं. मी त्यांना आधी ब्लँक दाखवायला सांगतो, मग डीएमएफ घालून नमुना चालवायला सांगतो. दोन्ही नीट आल्याशिवाय नमुन्याला हात लावू देत नाही.


आयसीपीवाली_रबाळे:

महापे_क्यूसी, ब्लँकबद्दल अगदी मनातलं बोललात. आमच्याकडचं सांगते. नायट्रिक ॲसिडची नवी बाटली उघडली की पहिलं काम त्याचं ब्लँक. सकाळी एसी लावायच्या आधी खिडकी उघडी राहिली, समोर रस्त्याचं खोदकाम चालू, तर त्या दिवशी ॲल्युमिनियम आणि लोखंडाचं ब्लँक लगेच वर दिसतं, शिसंही थोडं हलतं. ट्यूब दहा टक्के ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून, शुद्ध पाण्याने धुऊन, पालथ्या वाळवायच्या, तोंडाला बोट लावायचं नाही. पावडरचे हातमोजे चालत नाहीत. काजळ-सिंदुरात शिसं असू शकतं म्हणून ट्रेस रूममध्ये येणाऱ्या सगळ्यांना आम्ही ते लावून येऊ नका असं सांगतो.

हे सोवळं शिकवलं क्लेअर पॅटरसनने. कॅलटेकमध्ये तो उल्केतल्या शिशाच्या आयसोटोपवरून पृथ्वीचं वय काढत होता, आकडे जुळेचनात, कारण शिसं हवेतून, काचेतून, माणसांच्या अंगावरून नमुन्यात येत होतं. त्याने लॅब धुऊन पुसून हवा गाळून स्वच्छ खोली बनवली आणि १९५६ मध्ये वय छापलं, ४५५ कोटी वर्षं. मग त्याने विचार केला हे इतकं शिसं येतंय कुठून, आणि पेट्रोलमधल्या शिशाच्या मागे लागला. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे, ब्लँक खराब येतंय म्हणून चिडून सोडून न देता त्याने ब्लँकलाच प्रश्न विचारला.


घोडबंदरकर_७०३:

सगळं दोनदा वाचलं. काका पण वाचतायत, त्यांनी ग्रुपवर टाकलं सुद्धा. आता नेमकं काय करू सांगा. परत टेस्ट करायची तर कुठून कुठून पाणी घेऊ? लॅब कशी निवडू? आणि ०.००६२ खरं धरलं तर मुलीला तोपर्यंत काय देऊ?


आयसीपीवाली_रबाळे:

मुलीचं आधी. ०.००६२ आपल्या मर्यादेच्या खाली आहे, त्यामुळे आज रात्री झोप उडवू नका. पण मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित अशी पातळी कुणाला सापडलेली नाही आणि युरोपने २०३६ पर्यंत मर्यादा ०.००५ वर आणायचं ठरवलंय, म्हणून दुर्लक्षही करू नका. सकाळी नळाचं पहिलं पाणी दोन-तीन मिनिटं बादलीत सोडा, ते धुणीभांड्याला वापरा. स्वयंपाकाला गीझरचं गरम पाणी घेऊ नका, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. उकळून शिसं जात नाही, पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं. आरओ असेल तर पिण्याला आणि मुलीच्या खाण्याला त्याचंच वापरा, ते शिसं बऱ्यापैकी काढतं.

नमुने चार घ्या. सकाळचं किचनच्या नळाचं पहिलं एक लिटर, पाणी सोडायच्या आधीचं. त्याच नळाचं तीन मिनिटं सोडल्यावरचं. गच्चीच्या टाकीचं. आणि टँकर रिकामा होताना थेट त्याच्या पाइपचं. पहिला जास्त आणि बाकी तीन कमी आले तर नळ बदला, दोन-तीन हजारात विषय मिटला. टँकरचंच जास्त आलं तर मग सोसायटीने टँकरवाल्याला बोलवायचं. बोअरचं वेगळं करून घ्या, त्यात क्लोराइड पण मागा.

लॅबसाठी, नुसता एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी संस्था) शिक्का बघू नका, त्यांच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या तपासण्यांच्या यादीत, 'पिण्याचं पाणी, शिसं, आयसीपी-एमएस किंवा ग्रॅफाइट फर्नेस' असं स्पष्ट लिहिलंय का बघा, स्कोप एनएबीएलच्या साइटवर सगळ्यांना दिसतो. फोनवर विचारा तुमचा शिशाचा एलओक्यू किती, ०.००१ किंवा त्याखाली म्हणाले तर चालेल. नमुन्याची स्पाइक रिकव्हरी पण मागा, म्हणजे तुमच्याच पाण्यात माहीत असलेलं शिसं घालून ते किती परत सापडलं ते. ८० ते १२० टक्क्यांत असलं पाहिजे. बाटल्या लॅबकडूनच मागवा, ॲसिडने धुतलेल्या प्लास्टिकच्या, घरातल्या रिकाम्या बाटल्या नकोत. भरल्यावर त्यात नायट्रिक ॲसिड घालावं लागतं, नाहीतर शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि आकडा उगाच कमी येतो, पण ते ॲसिड तुम्ही घरी हाताळू नका, लॅबलाच घालायला सांगा, आणि घातल्यावर निदान सोळा तास थांबून मगच मोजा म्हणावं.


घोडबंदरकर_७०३:

ताई शेवटचं एकच, किचनच्या नळाच्या तोंडाला जाळी आहे, त्यात कचरा पण अडकलाय. ती काढून, साफ करून मग पहिलं पाणी भरू का?


आयसीपीवाली_रबाळे:

नाही, जाळी तशीच राहू द्या, रोज जसं पाणी येतं तसंच हवंय. त्या कचऱ्यात शिशाचे कण अडकलेले असू शकतात आणि ते तुमच्या पाण्यात रोज उतरत असतील तर ते रिपोर्टमध्ये दिसायला हवेत. नमुना भरून झाला की मग काढून धुवा.